विश्लेषण : कुत्र्याची खाज पुन्हा पुन्हा का उलटते? दूध-भाकर, गोचीड की गाजरगवत?

इंजेक्शन दिले की पंधरा-वीस दिवस बरे, मग पुन्हा तेच. पाय चाटणे, कान खाजवणे, पोटावर लाल चट्टे, अंगाला कुबट वास. कुत्रा पाळणाऱ्या अनेक घरांत हे चक्र वर्षानुवर्षे चालते. कधी खाद्य बदलले जाते, कधी साबण, कधी डॉक्टर. काही ठिकाणी शेवटी ‘लूत लागली’ म्हणून कुत्र्याला घराबाहेर काढले जाते. प्रत्यक्षात यातील अनेक कुत्र्यांना ॲलर्जी असते. ती मुळापासून जात नाही, पण आटोक्यात नक्की राहते. त्यासाठी औषधाइतकाच तपासणीचा क्रम आणि खाण्याचे पथ्य महत्त्वाचे ठरते.

ॲलर्जी म्हणजे नेमके काय?

शरीराची प्रतिकारशक्ती रोगजंतूंशी लढण्यासाठी असते. काही कुत्र्यांत ती निरुपद्रवी गोष्टींनाही शत्रू समजते. पिसवांची लाळ, धुळीतील सूक्ष्म कीटक, परागकण किंवा अन्नातील प्रथिने ही त्याची नेहमीची कारणे. माणसाला अशा वेळी शिंका किंवा दमा होतो. कुत्र्यात मात्र बहुतेक वेळा त्वचेलाच खाज सुटते. खाजवून त्वचा फाटते, तिथे जीवाणू आणि बुरशी वाढतात आणि त्यामुळे खाज आणखी वाढते.

कुत्र्यांतील ॲलर्जीचे तीन मुख्य प्रकार आहेत : पिसवांची, वातावरणातील घटकांची आणि अन्नाची. एकाच कुत्र्यात दोन किंवा तिन्ही प्रकार असू शकतात. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पग, बॉक्सर, बुलडॉग या जातींत वातावरणीय ॲलर्जीची प्रवृत्ती अधिक दिसते. गावठी कुत्र्यांनाही ती होऊ शकते.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न वेगळा का?

सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा, १४ तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, अकोले या पट्ट्यात उसाचे फड आहेत आणि बिबट्याचा वावरही. त्यामुळे शेतावरच्या वस्तीला राखणीचे कुत्रे लागतेच. पारनेर, कर्जत, जामखेडच्या कोरडवाहू भागात मेंढरांबरोबर कुत्री असतात. नगर शहर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर येथे फ्लॅट-बंगल्यांत लॅब्राडोर आणि पग दिसू लागले आहेत.

दूध उत्पादनात हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. त्यामुळे वस्तीवरच्या कुत्र्याचे खाणे बहुधा ठरलेले असते : दुधात किंवा ताकात कुस्करलेली भाकर-चपाती, आणि कधीमधी कोंबडीचे उरलेसुरले. गोठा शेजारीच असल्याने गोचीड आणि पिसवांचा प्रादुर्भाव बारमाही राहतो. पावसाळ्यानंतर बांधावर गाजरगवत फुलते. १९५०च्या दशकात पुण्यात लक्ष वेधून घेतलेले हे तण पुढे देशभर पसरले. माणसांत त्यामुळे त्वचादाह आणि सर्दी होते, हे सर्वपरिचित आहे. कुत्रा तर अशा गवतात पोटावर लोळतो. म्हणजे खाज सुटण्याची तिन्ही कारणे एकाच अंगणात असतात. म्हणूनच नुसता अंदाज बांधून उपचार केले तर ते फसण्याची शक्यता जास्त.

सुरुवात गोचीड-पिसवांपासून का?

कारण हे सर्वांत सोपे आणि सर्वाधिक आढळणारे कारण आहे. पिसवांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार चावेही पुरतात. पाठीचा मागचा भाग, शेपटीचे मूळ आणि मांड्या येथे खाज आणि केसगळती दिसली, तर पहिला संशय पिसवांचा घ्यावा. ‘अंगावर एकही पिसू दिसली नाही’ हा पुरावा होत नाही. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम पाच टक्के मानल्या जातात. उरलेली अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, फटींत आणि मातीत असतात. कुत्र्यावरची तपकिरी गोचीडही अंडी घालायला खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत शिरते.

त्यामुळे उपाय तीन ठिकाणी करावा लागतो : खाज असलेल्या कुत्र्यावर, घरातील इतर सर्व प्राण्यांवर आणि झोपण्याच्या जागेवर. मानेवर टाकायचे थेंब, महिन्याची गोळी किंवा सुमारे १२ आठवडे टिकणारी गोळी असे पर्याय पशुवैद्यक देतात. कुत्र्याला फिट येण्याचा इतिहास असेल, तर ते आधी सांगणे आवश्यक आहे. यातील आयसोक्साझोलिन गटाच्या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशारा दिला होता. गोचीड निर्मूलनाचा आणखी एक फायदा म्हणजे एर्लिकिया, बबेसियासारखे जीवघेणे गोचीडताप टळतात.

लूत आणि ॲलर्जी यांत फरक कसा करायचा?

डोळ्यांनी पाहून तो करता येत नाही. लूत हा सूक्ष्म किड्यांमुळे होणारा संसर्ग आहे. त्यातील सार्कोप्टिक प्रकारात प्रचंड खाज असते, कानाच्या कडा आणि कोपरे खरवडले जातात आणि घरातील माणसांच्या अंगावरही तात्पुरते पुरळ येऊ शकते. दुसऱ्या, डेमोडेक्स प्रकारात केस झडतात आणि सुरुवातीला खाज कमी असते. त्वचा खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही यासाठीची साधी तपासणी. पारदर्शक चिकटपट्टीने नमुना घेऊन जीवाणू आणि बुरशीही पाहता येतात.

ही पायरी टाळली तर नुकसान होते. डेमोडेक्स असलेल्या कुत्र्याला ॲलर्जी समजून स्टेरॉइड दिले, तर आजार भडकतो. उलट, ॲलर्जीच्या कुत्र्याला लुतीची इंजेक्शने देत राहिल्याने महिने वाया जातात. त्यातच कॉली जातीच्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन हे औषध जनुकीय कारणाने विषारी ठरू शकते.

अन्नाची ॲलर्जी किती कुत्र्यांना असते?

खाज सुटणाऱ्या कुत्र्यांपैकी ९ ते ४० टक्क्यांमध्ये अन्न हे कारण आढळल्याचे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसले आहे. वातावरणीय ॲलर्जी सहसा वयाच्या तीन वर्षांच्या आत सुरू होते. अन्नाची कोणत्याही वयात दिसू शकते. पंजे, कान, काखा, पोट आणि गुदद्वाराभोवती खाज, वारंवार कान फुटणे ही तिची लक्षणे. सोबत पातळ शौच, वायू किंवा दिवसातून बऱ्याच वेळा शौचाला जाणे असेल, तर संशय वाढतो. खाज ऋतूनुसार कमी-जास्त न होता बारा महिने टिकते, ही आणखी एक खूण.

कोणते पदार्थ दोषी ठरतात?

मुलर, ऑलिव्ह्री आणि प्रेलो या संशोधकांनी २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यासांतील २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली. त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के असा क्रम लागला. सोयाबीन, मटण, मका, अंडी यांचे प्रमाण कमी होते. मासे आणि तांदूळ प्रत्येकी २ टक्क्यांच्या आसपास होते. हे अभ्यास प्रामुख्याने परदेशांतील आहेत, त्यामुळे तेथील खाण्याच्या सवयी त्यात उतरल्या आहेत. तरीही वस्तीवरच्या ताटात जे असते त्यातले दूध, चिकन आणि गहू हे तिन्ही या यादीत पहिल्या चारांत आहेत.

इथे एक गैरसमज आड येतो. ‘चार वर्षे दूध-भाकर खातोय, आताच कशी बाधेल?’ असे विचारले जाते. अन्नाची ॲलर्जी बहुधा सवयीच्या अन्नाचीच होते. शरीराला एखाद्या प्रथिनाची ओळख वारंवार पटल्यावरच त्याविरुद्ध प्रतिक्रिया तयार होते. म्हणून ‘नवीन काहीच दिले नाही’ या उत्तराने अन्न निर्दोष ठरत नाही. दूध पचत नसल्याने होणारे जुलाब हा मात्र वेगळा प्रकार आहे. त्यात दुधातील साखर पचवण्याचा प्रश्न असतो, प्रतिकारशक्तीचा नसतो.

रक्ताच्या तपासणीतून कारण कळत नाही का?

अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्त, लाळ किंवा केसांची तपासणी भरवशाची नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केस आणि लाळेच्या तपासणीसाठी कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खेळण्याचे कृत्रिम केस आणि साधे मिठाचे पाणीही पाठवण्यात आले होते. त्या निर्जीव नमुन्यांनाही ‘ॲलर्जी’ असल्याचे अहवाल आले. वातावरणीय ॲलर्जीत रक्ताची किंवा त्वचेची चाचणी उपयोगी पडते, पण ती निदानासाठी नसते. ॲलर्जीची लस तयार करताना कोणते घटक घ्यायचे, हे ठरवण्यासाठी ती करतात. अन्नाच्या बाबतीत खात्रीचा मार्ग एकच : ठरावीक काळ कडक पथ्य आणि नंतर जुने अन्न देऊन पडताळणी.

आठ आठवड्यांचे पथ्य कसे करायचे?

पहिली पायरी यादीची. कुत्र्याने आजवर काय काय खाल्ले, ते घरातल्या सगळ्यांना विचारून लिहून काढावे. त्यात बिस्किटे, पोळीचा तुकडा, पेढा आणि गोळी देताना वापरलेला लोण्याचा गोळाही धरावा. त्यानंतर यापूर्वी कधीच न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडायचा. ज्या कुत्र्याने मासे खाल्लेले नाहीत, त्याच्यासाठी मासे आणि भात किंवा मासे आणि रताळे हा जिल्ह्यात सहज जमणारा पर्याय आहे. शेवगाव-नेवाशाला लागून असलेल्या जायकवाडीच्या फुगवट्यातून, तसेच मुळा आणि भंडारदरा धरणांतून येणारे रोहू, कटला, चिलापी हे मासे बाजारात मिळतात. काटे पूर्ण काढून ते उकडावेत. मीठ-मसाला घालू नये. कांदा-लसूण तर कुत्र्यांसाठी विषारीच आहे. प्रमाण किती ठेवायचे, हे पशुवैद्यक कुत्र्याच्या वजनावरून सांगतात.

जुने अन्न चार ते सात दिवसांत हळूहळू कमी करत नवे सुरू करावे. त्यानंतर आठ आठवडे दुसरे काहीही नाही. पाच आठवड्यांत सुमारे ८० टक्के आणि आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक अन्न-ॲलर्जिक कुत्र्यांत सुधारणा दिसते, असे २०१५च्या आढाव्यात आढळले. दोन-तीन आठवड्यांत ‘फरक नाही’ म्हणून पथ्य सोडणे ही सर्वांत सामान्य चूक. मांसाच्या चवीच्या जंताच्या आणि गोचिडीच्या गोळ्यांनीही पथ्य मोडू शकते, म्हणून त्यांचे पर्याय आधीच ठरवून घ्यावेत. सुरुवातीचे काही आठवडे खाज कमी करणारे औषध चालते, पण शेवटच्या टप्प्यात ते थांबवल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

घरी शिजवलेला दोन पदार्थांचा आहार निरोगी, प्रौढ कुत्र्याला या मर्यादित काळापुरता चालतो. पिल्लांना आणि गाभण कुत्रीला तो देऊ नये. कायमसाठी तर कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वे यांची जोड द्यावीच लागते. अमेरिकेत २०१३ मध्ये तपासलेल्या घरगुती श्वानआहाराच्या २०० पाककृतींपैकी ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक पोषक घटक अपुरा होता.

शाकाहारी घरांनी काय करावे?

माळकरी किंवा जैन घरांत मासे शिजवणे शक्य नसते. अशा वेळी ‘हायड्रोलाइज्ड’ खाद्याचा पर्याय आहे. त्यातील प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारशक्तीला ते सहसा ओळखू येत नाहीत. हे खाद्य तयार मिळत असल्याने घरात काही शिजवावे लागत नाही. मात्र त्याचा स्रोत चिकन, मासे किंवा सोया यांपैकी काय आहे, हे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावे लागते आणि साध्या खाद्यापेक्षा महाग असते. दुकानातील ‘ग्रेन फ्री’ किंवा ‘एकच प्रथिन’ असे लिहिलेली सर्वच पाकिटे यासाठी विश्वसनीय नाहीत. वेष्टनावर नसलेली प्रथिने अशा खाद्यांत सापडल्याचे अनेक तपासण्यांत दिसले आहे. शिवाय धान्यापेक्षा प्राणिज प्रथिनांची ॲलर्जी अधिक आढळते.

वस्तीवरच्या मोकळ्या कुत्र्याचे पथ्य जमते का?

अवघड आहे, पण अशक्य नाही. वस्तीवरचे कुत्रे धारेच्या वेळी सांडलेले दूध चाटते, गव्हाणीतील पेंड आणि भुसा खाते, गाय व्यायली की वार पळवते, शेजारच्या पोल्ट्रीमागे मेलेली कोंबडी शोधते. यातील एक घासही पथ्य मोडतो. म्हणून धारेच्या वेळी आणि दिवसा त्याला सावलीत लांब साखळीवर ठेवणे, पाणी जवळ ठेवणे आणि सकाळ-संध्याकाळ हातात पट्टा धरून फिरवणे एवढे तरी करावे लागते. राखणीसाठी रात्री सोडणे टाळता येत नसेल, तर आधी त्याचे पोट भरून द्यावे. अशा वेळी निष्कर्ष शंभर टक्के पक्का नसेल, हे मात्र लक्षात ठेवावे. घरातील प्रत्येकाला, विशेषतः आजी-आजोबा, लहान मुले आणि गड्यांना, नियम सांगून ठेवावा. काम न मिळालेल्या औषधापेक्षा मायेने दिलेल्या चपातीच्या तुकड्यानेच पथ्ये अधिक मोडतात.

बरे वाटल्यावर जुने अन्न पुन्हा का द्यायचे?

मालकांना ही पायरी नकोशी वाटते. पण खाज पथ्याने थांबली की ऋतू बदलल्याने किंवा गोचीड गेल्याने, हे तिच्याशिवाय कळत नाही. पथ्यानंतर पूर्वीचेच अन्न सुरू करतात. काही तासांपासून दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, तर अन्नाची ॲलर्जी सिद्ध होते. लगेच पुन्हा पथ्यावर आणून मग दूध, चिकन, गहू असे एकेक घटक प्रत्येकी साधारण दोन आठवडे देऊन पाहतात. यातून कुत्र्याला आयुष्यभर नक्की काय टाळायचे आणि काय बिनधास्त द्यायचे, याची यादी हाती येते. अनेकदा केवळ दूध बंद करून बाजरीची भाकर सुरू ठेवता येते.

पथ्याने फरक पडला नाही तर?

मग वातावरणीय ॲलर्जीची शक्यता उरते. ही आयुष्यभराची सोबत असते. मधुमेहासारखी ती रोज सांभाळावी लागते. गाजरगवतातून फिरून आल्यावर पंजे आणि पोट पाण्याने पुसणे, अंथरूण आठवड्याला गरम पाण्याने धुणे, क्लोरहेक्सिडिनयुक्त शाम्पू लावून दहा मिनिटे ठेवून मग धुणे यांनी औषधाची गरज कमी होते.

औषधांत ओक्लासिटिनिब ही गोळी साधारण एका दिवसात खाज कमी करते. ती १२ महिन्यांखालील पिल्लांना आणि गंभीर संसर्ग असताना देत नाहीत. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. लोकिव्हेटमॅब हे महिन्याला एकदा घ्यायचे इंजेक्शन खाजेचा संदेश देणाऱ्या एका प्रथिनालाच अडवते. मात्र ते सर्वत्र सहज मिळतेच असे नाही. ॲलर्जीची लस हा मुळाशी जाणारा उपचार आहे. त्याचा गुण येण्यासाठी वर्षभर थांबण्याची तयारी ठेवावी लागते.

स्टेरॉइड वाईटच का?

नाही. तीव्र खाजेत काही दिवस दिलेले स्टेरॉइड कुत्र्याला मोठा आराम देते आणि ते स्वस्तही आहे. प्रश्न निदानाशिवाय दर महिन्याला दिल्या जाणाऱ्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांचा आहे. त्यातून भूक आणि तहान वाढणे, लघवी जास्त होणे, वजन वाढणे, स्नायू झिजणे, संसर्ग आणि पुढे संप्रेरकांचे आजार होऊ शकतात. दीर्घकाळ घेतलेली गोळी अचानक बंद करणेही धोक्याचे. म्हणून प्रत्येक इंजेक्शनचे नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. डॉक्टर बदलला तरी नोंद राहते.

कोणते घरगुती उपाय टाळावेत?

गावाकडे लुतीवर वापरलेले इंजिन ऑइल किंवा रॉकेल चोपडण्याची पद्धत अजून दिसते. कुत्रा ते चाटतो, त्वचा भाजते आणि विषबाधाही होऊ शकते. गोठ्यात फवारायचे गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्यावर ओतणे तितकेच घातक. फिनाइल, माणसांचा साबण आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही टाळाव्यात. तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे हे मात्र थांबून पाहण्याचे प्रकार नाहीत. गांधीलमाशी चावल्यावर किंवा इंजेक्शननंतर असे झाले, तर तातडीने दवाखाना गाठावा.

उपचार कोठे मिळतात?

तालुक्यातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांवर गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांचा भार अधिक असतो. तरीही त्वचेचा नमुना तपासणे, लुतीचे उपचार आणि रेबीजची लस यासाठी सुरुवात तेथून किंवा जवळच्या खासगी पशुवैद्यकाकडून करता येते. खाज हटत नसेल, तर पुण्यातील खासगी त्वचातज्ज्ञ, सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय किंवा १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबईतील परळचे पशुवैद्यक महाविद्यालय हे पर्याय आहेत. जाताना जुने कागद, औषधांची वही, खाद्याची यादी आणि खाज वाढलेल्या दिवसांचे मोबाइलमधील फोटो सोबत असावेत. पहिल्याच भेटीत निम्मे काम त्यावर होते.

खाजणारे कुत्रे सोडून देणे हा पर्याय नाही. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. ॲलर्जी एका कुत्र्याकडून दुसऱ्याला किंवा माणसाला लागत नाही. गोचीड-पिसवांवर बारमाही नियंत्रण, एक साधी त्वचातपासणी आणि आठ आठवड्यांचे प्रामाणिक पथ्य हा क्रम पाळला, तर महिन्याच्या महिन्याला इंजेक्शनसाठी होणारी फरपट बहुतेक घरांत कमी होऊ शकते. वस्तीची राखण करणाऱ्या कुत्र्यालाही रात्रभर खाजवत बसावे लागणार नाही.